उन्हाचं पाखं, सावलीचं पाखं

डोंगरातल्या प्रदेल वस्तीत मेनाचं घर कुठलं म्हणून विचारलं, तर लोक उलट विचारायचे, कुठल्या पाख्याखालची मेना? वस्तीत मेना नावाच्या बायका आणखीही होत्या. ही सावलीच्या पाख्याखालची. घर मोठं, खाली दगडाचं आणि वर लाकडाचं, पण त्याला मालक दोन. आढ्यापासून दक्षिणेला उतरणारं उन्हाचं पाखं थोरल्या विजोचं आणि उत्तरेला उतरणारं सावलीचं पाखं धाकट्या टोनेचं. म्हाताऱ्या बापाने जाताना वाटणी अशी आढ्यावरून करून दिली होती. मधे लाकडाची भिंत, दोन्हीकडे चूल, दोन्हीकडे गोठा, दोन्हीकडे गवताचा माळा. सगळं वाटून झालं, छप्पर तेवढं राहिलं. ते काही त्याला वाटता आलं नाही.

मेना या टोनेची बायको. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्या नशिबी सावली आली. चार हिवाळ्यांत तिच्या लक्षात आलं की सावलीत लोणी चांगलं टिकतं आणि कोबी लवकर सडत नाही, मग तिने त्याबद्दल तोंड वाकडं केलं नाही. विजोने लग्नच केलं नव्हतं. कुणी विषय काढला, की तो म्हणायचा, गाय आहे की घरात.

छप्पर लार्च झाडाच्या फळ्यांचं होतं. करवतीने कापलेल्या नाहीत, कुऱ्हाडीने लाकडाच्या रेषेरेषेने फाडलेल्या. म्हणजे पाणी रेषेवरून वाहून जातं, आत शिरत नाही. माशाच्या खवल्यांसारखी फळीवर फळी, त्यांवर आडवे दांडे आणि दांड्यांवर दगड. खिळा औषधालासुद्धा नाही. आढ्यापाशी दोन्हीकडचे दांडे पिळलेल्या ओल्या काड्यांनी एकमेकांना बांधलेले, म्हणजे हे पाखं त्या पाख्याला धरून आणि ते ह्याला.

खिळा नाही त्यामुळे फळी उलटता येते. फळीला दोन अंगं आणि दोन टोकं. एक अंग पाऊसपाण्याने झिजलं की फळी पालथी घालायची, एक टोक झिजलं की फिरवून दुसरं टोक बाहेर काढायचं. असे तिचे चार जन्म होतात, आणि चौथ्यानंतर ती चुलीत जाते. ह्या कामाला उलटणी म्हणतात. एका पिढीला एक, फार तर दोन वाट्याला येतात. त्यातही अशी रीत, की उन्हाकडच्या फळ्या सावलीकडे जातात आणि सावलीकडच्या उन्हाकडे. ऊन लाकडाला तडे पाडतं, सावली त्यावर शेवाळ चढवते; दोघींनी एकमेकींच्या घरी राहून आलं म्हणजे दोघी टिकतात.

मेनाचं आणि विजोचं भांडण झालं ते मागच्या उलटणीत. टोने आणि विजो वर होते, वस्तीतले पुरुष शिड्यांवर होते, आणि खाली अंगणात फळ्या निवडायला मेना बसली होती. ते काम तिला चांगलं जमायचं. बोटाचं पेर फळीवर मारून ती आवाज ऐकायची. ठणठणीत, बरी, आणि चुलीत घालायची, असे तिचे तीन ढीग. आता खरं सांगायचं तर त्या दिवशी मेनाने ठणठणीत फळ्या सावलीच्या बाजूला जरा जास्त घातल्या. तिचं म्हणणं, सावलीच्या पाख्यावर बर्फ महिनाभर जास्त बसतो, तिथे फळी भक्कम हवी. म्हणणं खोटं नव्हतं. फक्त ते तिने कुणाला बोलून दाखवलं नाही.

दुपारी सगळी जेवायला बसली. उलटणीचं जेवण म्हणजे पालक भरून तळलेल्या टुर्ट्रा, त्या मेनाच तळत होती. विजोने तोंडातला घास न गिळताच सगळ्यांसमोर म्हटलं, "आमच्या मेनाला जंगलात अळंबी निवडायला धाडा. चांगली तेवढी तिच्या टोपलीत यायची आणि विषारी माझ्या ताटात."

लोक हसले. टोनेसुद्धा जरा हसला, ते मेनाने पाहिलं. तिने झारा कढईवर आडवा ठेवला आणि ती आत गेली. राहिलेल्या टुर्ट्रा कुणी तळल्या, कच्च्या राहिल्या का करपल्या, हे तिने शेवटपर्यंत विचारलं नाही. त्या दिवसापासून ती विजोशी बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हटल्यावर विजोही बोलला नाही.

टोने होता तोवर चाललं. बिचारा दोन चुलींमधला निरोप्या झाला. "दादा म्हणतो, यंदा लवकर गवत कापू या," असं तो इकडे सांगायचा आणि "ती म्हणते, बघू" असं तिकडे. पुढे छातीच्या दुखण्याने तो गेला. दफनाच्या वेळी विजो कबरीच्या त्या बाजूला उभा होता, मेना ह्या बाजूला. त्याने मान हलवली, तिने मान हलवली. शेजारची झेन्झा त्या दोघांकडे डोळे लावून होती. तिला वाटलं, आता फुटेल तोंड. पण पाद्रीबाबांची प्रार्थना संपली, घंटा झाली आणि दोघं आपापल्या दाराने घरात गेली.

तरी छपराचं काम अडलं नाही. बर्फ काढायचा तर दोन्ही पाख्यांवरचा एकदमच काढावा लागतो. एक पाखं रिकामं आणि एक भरलेलं राहिलं, की वासे रिकाम्या बाजूला रेटले जातात, आणि एकदा रेटलेलं आढं माणसाने सरळ होत नाही. त्यामुळे त्यांच्यात न बोलताच एक नियम पडला. सकाळी एकाकडून लाकडी फावड्याची खर्र खर्र ऐकू आली, की दुसऱ्याने हातातलं काम टाकून शिडी लावायची. खालून वर काढत यायचं. फळीपर्यंत खरवडायचं नाही, वीतभर बर्फ खाली ठेवायचा, म्हणजे दगड हलत नाहीत. आढ्याशी पोहोचलं, की दोघांच्या टोप्या एकाच वेळी वर यायच्या आणि एकाच वेळी खाली जायच्या.

वसंतात बर्फ घसरताना थोडे दगड सोबत नेतोच. ते वळचणीखालून गोळा करून पुन्हा वर चढवायचे. विजोचा दगड मेनाच्या बाजूला सापडला, तर ती तो त्याच्या दारात नेऊन ठेवायची. तिचा त्याला सापडला, तर तोही ठेवायचा. दगड सगळे दिसायला सारखेच, तरी कुणाचा कुठला हे दोघांनाही कळायचं. उन्हाळ्यात फळ्या वाळून आकसतात, माळ्यावर उभं राहिलं तर फटींतून आभाळ दिसतं. नव्या माणसाचा जीव वरखाली होतो, पण पहिल्या पावसात लाकूड फुगतं आणि फटी बुजतात. मग शरदात दांडे तपासायचे, सैल झालेल्या काड्या बदलायच्या. ह्या सगळ्याला शब्द लागत नाही, आणि त्यांनी तो लागू दिला नाही.

"दोघं मुकी असती," झेन्झा विहिरीवर म्हणायची, "तर खुणा तरी केल्या असत्या."

अडलं ते उलटणीपाशी. सावलीकडच्या फळ्यांवर शेवाळ जाडजूड झालं होतं. उन्हाकडच्या फळ्यांची टोकं झिजून जुन्या कंगव्यासारखी दिसत होती. मेनाच्या माळ्यावर एके ठिकाणी पावसाचं पाणी गळायला लागलं. तिने तिथे बादली ठेवली, मग दुसरीकडे कढई ठेवली. विजोकडेही गळत असणार, कारण पावसात भिंतीपलीकडून भांड्यात थेंब पडल्याचा आवाज यायचा. आणखी थोडे हिवाळे असेच गेले असते तर पाणी वाशांत मुरलं असतं, आणि वासे कुजले की घर गेलं, उन्हाचंही आणि सावलीचंही. हे मेनाला कळत होतं. विजोला तर तिच्याआधी कळलं असेल.

पण उलटणी एकट्याने करता येत नाही. वस्तीतली सगळी घरं त्या दिवशी कामाला लागतात, आणि त्यांना बोलावण्याची एक रीत आहे. घरधन्याने काळ्या पावाची लादी घेऊन दारोदार जायचं आणि म्हणायचं, "आमचं छप्पर उलटायचं आहे." एवढंच. घरधनी दोन असतील तर दोघांनी मिळून जायचं, एका पावावर दोघांचे हात, आणि वाक्य दोघांनी बोलायचं. एकटाच आला तर लोक पाव परत देतात. दुष्टपणाने नव्हे. पुढे भांडणं होतात आणि साक्षीला आपल्याला ओढतात, हे सगळ्यांना पुरतं माहीत आहे.

दर वर्षी हिमवृष्टी संपली की मेना मनात म्हणायची, यंदा तो बोलेल. तो थोरला आहे, आणि अळंबीचं बोलणं त्याचं होतं. भिंतीपलीकडे विजो काय म्हणत होता, ते कुणाला माहीत नाही, पण ह्यापेक्षा फार वेगळं नसावं.

मेनाची मुलगी ओटिलिया खाली बोर्नेक गावी दिलेली. तिचा नवरा फ्लोरियान हाताने चांगला, मनाने त्याहून चांगला. सासूच्या माळ्यावरची बादली बघून त्याने एका शरदात गाडीभर पत्रे आणले, आणि मेनाच्या बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवले. आता थंडी आली, पुढच्या वसंतात तुमच्या पाख्यावर ठोकून देतो, म्हणाला. मग उलटणी नको, शेवाळ नको, दगड नकोत. बर्फ आपोआप घसरून पडेल, फावडं हातात घ्यायला नको.

मेना हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. पत्र्याचं पाखं झालं तर कुणाशी बोलायची गरज उरत नव्हती, ही त्यातली सोय होती. पण पत्र्यावरचा बर्फ एका रात्रीत घसरून जाणार, आणि विजोच्या पाख्यावरचा तसाच राहणार. मग आढं कुठे जाईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं. शिवाय आढ्यावरच्या काड्या तोडाव्या लागणार होत्या. तिने फ्लोरियानला जेवायला घातलं, सोबत चीजचा गोळा दिला आणि विचार पुढे ढकलला.

पत्रे विजोने पाहिले. रविवारी चर्चहून येताना तो त्यांच्यासमोर थोडा वेळ उभा राहिला. एका पत्र्यावर त्याने बोटाचं पेर मारून पाहिलं, आवाज ऐकला आणि आपल्या दाराकडे गेला. मेनाने हे खिडकीतून पाहिलं.

त्या हिवाळ्यात बर्फ उशिरा आला, पण आला तो ओला आणि जड. दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मेनाने शिडी लावली, फावडं घेतलं आणि वळचणीपासून वर काढायला सुरुवात केली. खर्र खर्र. थोडं काढून ती थांबली, कान दिला. पलीकडून काही नाही. तिने पुन्हा काढलं, मुद्दाम फावडं जरा आपटलं. तरी काही नाही.

अर्ध्या पाख्यापर्यंत आल्यावर तिला पुढे जाता येईना. आणखी काढलं तर घर तिच्याच बाजूला झुकणार. ती हातापायांवर आढ्यापर्यंत गेली आणि पलीकडे डोकावली. विजोचं पाखं कमरेइतक्या बर्फाखाली. धुराड्यातून धूर येत होता. म्हणजे माणूस उठला आहे, चूल पेटवली आहे, आणि बसला आहे उबेला.

मेनाच्या डोक्यात लगेच आलं, पत्रे. पत्रे पाहिले ना त्याने. आता म्हणत असेल, हिला पत्र्याचं घर करायचं आहे, तर हिचं ती बघेल. तिला इतका राग आला की ती तशीच खाली उतरली, फावडं भिंतीला टेकवलं आणि जवाचं कढण चुलीवर ठेवलं. घर पडायचं तर पडू दे, म्हणाली. माळ्यावर आढं कण् करून बोललं, तेव्हा तिने कढण जरा जोराने ढवळलं.

बर्फ पडतच होता. दुपारच्या सुमारास भिंतीपलीकडच्या गोठ्यात ब्रूना हंबरायला लागली. ब्रूना विजोची गाय. आधी मेनाने लक्ष दिलं नाही. मग गाय थांबेचना. दुधाने सड ताठलेली गाय कशी ओरडते, हे मेनाला न बघता कळायचं. सकाळचं दूध काढलेलं नाही.

तिने हातातली पळी ठेवली. विजो तिच्यावर रुसून बर्फ काढणार नाही, हे तिला पटलं होतं. छपरावर रुसून घर पडू देईल, हेही एक वेळ तिने मानलं असतं. पण तो ब्रूनावर रुसणार नाही. गेल्या इतक्या वर्षांत त्या गायीचं दूध त्याने एकदाही उशिरा काढलेलं तिला आठवत नव्हतं. टोनेच्या दफनालासुद्धा तो दूध काढून आला होता, कोटाच्या बाहीला थेंब होते.

विजोचं दार वाऱ्याच्या बाजूला. तिकडे बर्फाचा ढीग खिडकीच्या वर गेलेला, खालून वाट नव्हती. मेना पुन्हा शिडीवर चढली, आढ्यापर्यंत गेली. धुराडं आता थंड होतं. त्याच्या दारापासून गोठ्यापर्यंत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तिने एक पाय आढ्यापलीकडे टाकला. लग्न होऊन आल्यापासून त्या पाख्यावर तिने पाय ठेवला नव्हता. मग दुसराही टाकला, आणि वरून खाली बर्फ लोटायला लागली, वळचणीला उभ्या असलेल्या त्याच्या शिडीपर्यंत वाट करावी म्हणून.

जरा खाली आली असेल नसेल, तेवढ्यात तिच्या पायांखालून, फळ्यांच्या आतून, आवाज आला.

"वीतभर ठेव खाली. दगड हलवशील."

मेनाने फावडं वर उचललं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"माहीत आहे तर खरवडतेस कशाला?"

आवाज बारीक होता, पण खडूसपणा जागच्या जागी होता. म्हणजे जीव धोक्यात नाही, एवढं तिला कळलं. ती गुडघ्यांवर बसली आणि फळ्यांशी तोंड नेऊन विचारलं, काय झालं. मग हळूहळू कळलं. पहाटे चूल पेटवून तो माळ्यावर फावडं आणायला चढला होता. आतल्या शिडीची सगळ्यात वरची पायरी मोडली, तो पुढे माळ्यावरच्या गवतात पडला खरा, पण पाय पायऱ्यांमध्ये अडकून पिळवटला होता. तेव्हापासून तिथेच होता, अंगावर गवत ओढून.

"आणि सकाळी मी वर होते, तेव्हा?" मेनाने विचारलं. "मी फावडं आपटत होते, ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की."

"मग हाक का नाही मारलीत, भावजी?"

 ब्रूना तेवढी हंबरली.

"उद्या तुझ्याकडे पत्रा आला की मला कुठे ऐकू येणार आहेस तू," विजो म्हणाला. "म्हटलं, आतापासून सवय करावी."

मेनाने वळचणीपर्यंत वाट केली, वीतभर बर्फ ठेवून, एकही दगड न हलवता, आणि त्याच्या शिडीवरून उतरून दारासमोरचा ढीग फोडला. ती आत आली तेव्हा विजोने माळ्यावरून पहिली गोष्ट सांगितली, ती म्हणजे आधी गाय बघ. तिने आधी गाय बघितली. मग बादली तशीच घेऊन माळ्यावर गेली, त्याला कोमट दूध पाजलं, त्याचा पाय बघितला आणि झेन्झाच्या घराकडे निघाली. झेन्झाचा नवरा आणि आणखी दोघे आले, त्यांनी विजोला लाकडं ओढायच्या घसरगाडीवर बांधून खाली डॉक्टरकडे नेलं. तोवर मेनाने त्याच्या पाख्यावरचा बर्फ तिच्या पाख्याच्या बरोबरीने आणला, मग दोन्ही पाखी मिळून संपवली. ह्या बाजूला जरा, त्या बाजूला जरा, आढ्यावरून सारखं येजा करत. संध्याकाळपर्यंत आढं बोलायचं थांबलं.

झेन्झाने दुसऱ्याच दिवशी वस्तीभर विचारायला सुरुवात केली, आधी कोण बोललं. मेना म्हणाली, ते बोलले, वीतभर ठेव म्हणाले. विजोकडे निरोप गेला तर त्याचं म्हणणं, हिने माझ्या डोक्यावर फावडं चालवलं, बोलणं आणखी काय असतं. हा निकाल प्रदेलमध्ये अजून लागलेला नाही.

विजो वसंतात काठी घेऊन परत आला. पाय जुळला होता, पण तिरका. शिडी चढणं आता जमणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. तो दोन-चार दिवस अंगणातल्या बाकावर उन्हात बसून छपराकडे बघत राहिला. मेना ब्रूनाचं दूध काढून त्याच्या दारात ठेवायची. "ठेवलंय," म्हणायची. तो "बरं" म्हणायचा. ह्यापलीकडे गाडी जाईना. उलटणीचं नाव दोघंही काढेनात. तो आता वर चढू शकत नव्हता, म्हणजे मागणं त्याच्याकडून आलं असतं तर ते उपकाराचं झालं असतं; आणि ती मागायला गेली तर त्याच्या पायाकडे बोट दाखवल्यासारखं झालं असतं.

मे महिन्यात फ्लोरियान हातोडी आणि खिळे घेऊन आला. त्याने भिंतीला टेकवलेले पत्रे खाली आडवे केले, शिडी लावली. विजो बाकावरून उठला आणि घरात जायला वळला, काठी टेकत, घाई न करता.

मेना दारात उभी होती. ती जावयाला म्हणाली, "कोंबड्यांचं खुराडं गळतं आहे फ्लोरियान. ते आधी झाक."

"ते तासाभराचं काम आहे, सासूबाई. मग छप्पर घेतो."

"उरलेले पत्रे डुकरांच्या खोपटाला घाल. पुरतील."

फ्लोरियान शहाणा होता. त्याने एकदा सासूकडे आणि एकदा विजोकडे पाहिलं आणि खुराड्याकडे गेला. मेना आत जाऊन पीठ मळायला बसली. तिने नेहमीपेक्षा मोठी लादी भाजली, आणि ती गार झाल्यावर कापडात गुंडाळून विजोच्या दारात आली. दूध ठेवताना म्हणायची तसंच म्हणाली, "चला."

विजोने विचारलं नाही, कुठे. त्याने टोपी घातली.

दोघं वस्तीत निघाली. एका पावावर दोघांचे हात, आणि त्याच्या दुसऱ्या हातात काठी, त्यामुळे चाल मुंगीची. लोक खिडक्यांना आले आणि न पाहिल्यासारखं करून आत गेले. पहिलं दार झेन्झाचं. ती कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी राहिली.

"आमचं छप्पर उलटायचं आहे," दोघं म्हणाली. विजो जरा आधी, मेना जरा मागून.

"कुणाचं म्हणालात?" झेन्झाने विचारलं.

"आमचं," मेना म्हणाली.

"तुझं की ह्याचं? मला नीट कळू दे. उद्या म्हणाल, झेन्झाने चुकीचं छप्पर उलटलं."

"पाव घे झेन्झा," विजो म्हणाला, "हात दुखला."

झेन्झाने पावाचा तुकडा मोडून घेतला, म्हणजे ती येणार. पण पुढच्या दारी जाऊन तिने आधीच सांगून ठेवलं असावं, कारण तिथेही तोच प्रश्न आला, आणि त्याच्या पुढच्या दारीही. शेवटच्या घरापर्यंत दोघांना वाक्य एका सुरात जमायला लागलं होतं.

उलटणीच्या दिवशी हवा कोरडी होती. वर चढायला विजो नव्हता, म्हणून त्याच्या जागी आढ्यावर मेना बसली; हाताखाली झेन्झाचा नवरा. आणि खाली अंगणात फळ्या निवडायला विजो, कारण बसून करण्यासारखं तेवढंच काम होतं. लोकांनी हे पाहिलं आणि एकमेकांकडेही पाहिलं. कुणीतरी खोकलं.

विजो बोटाचं पेर मारून ऐकायचा आणि फळी टाकायचा. ठणठणीत, बरी, चुलीत घालायची. उन्हाकडच्या फळ्या सावलीकडे येऊ लागल्या, सावलीकडच्या उन्हाकडे. मेना वरून ओळी लावत होती. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की तिच्या पाख्यावर येणारी एकेक फळी हातात जड लागते आहे. तिने एक आपटून पाहिली. ठणठणीत. दुसरीही. तिने उन्हाच्या बाजूला वळून तिथल्या ढिगावर नजर टाकली. तिथे बऱ्या होत्या, चालतील अशा.

ती एक फळी हातात धरून वळचणीपर्यंत खाली आली.

"भावजी, ही तुमच्याकडची असेल. चुकून इकडे आली."

विजोने वर पाहिलंसुद्धा नाही. तो पुढची फळी ऐकत होता.

"सावलीत बर्फ जास्त दिवस बसतो," तो म्हणाला. "तिथेच घाल."

मेनाने त्या फळीवर पुन्हा एकदा पेर मारून पाहिलं. झेन्झाच्या नवऱ्याने वरून विचारलं, काय झालं, फळी फुटकी आहे का? नाही म्हणाली, आणि फळी ओळीत घातली. दुपारी टुर्ट्रा तिनेच तळल्या, शेवटपर्यंत, आणि विजोच्या ताटात वाढताना त्याने अळंबीचं नाव काढलं नाही. जेवण झाल्यावर काड्या भिजवल्या, पिळल्या आणि आढ्यावरचे दांडे पुन्हा एकमेकांना बांधले. शेवटचा दगड कुणी ठेवला, ते आता आठवत नाही कुणाला.

त्यानंतरही ती दोघं फार बोलायची असं नाही. इतक्या वर्षांची सवय अशी एका पावाने जात नाही. "ठेवलंय", "बरं", "उद्या बर्फ येणार", "दिसतंय" एवढंच. हिवाळ्यात दोन्ही पाखी मेनाच काढायची, आढ्यावरून येजा करत. विजो फ्लोरियानने आत शिडीच्या जागी बसवून दिलेल्या पायऱ्यांनी माळ्यावर जायचा, फळ्यांखाली बसायचा आणि तिचं फावडं ऐकायचा. एखादे वेळी तिचं फावडं जरा खोल गेलं, की आतून काठीची टकटक व्हायची. मग ती थांबायची, माहीत आहे म्हणायची, आणि पुन्हा सुरू करायची. खुराड्यावरचा पत्रा गारा पडल्या की असा वाजायचा की कोंबड्या आठवडाभर अंडी घालायच्या नाहीत, आणि त्याबद्दल विजोने तिला एकदाही बोल लावला नाही. हे मात्र मेना झेन्झाला आवर्जून सांगायची.